मीठ-मिरीचं गाणं आणि आपले कान

मागच्या रविवारी आमच्या खोलीवर अभ्यासवर्ग होता. वर्ग सुटल्यावर मी मोबाइलवर एक गाणं लावलं. न्यू यॉर्कच्या काळ्या मुलींचा एक संच, सॉल्ट-एन-पेपा. म्हणजे मीठ-मिरी. गाणं ‘पुश इट’. गाणं संपायच्या आत तीन प्रतिक्रिया आल्या. एक जण हसला आणि त्याने डोळा मारला. दुसरा म्हणाला, “बंद कर रे, खाली बायापोरी राहतात. हे काय चळवळीचं गाणं आहे का?” तिसरा आमच्यातला वाचणारा. तो म्हणाला, “लिहिलंय कुणी? पुरुषानेच ना? मग संपलं.”

कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. आमच्या गाण्याच्या पथकात कोरस धरते. ती काही बोलली नाही. तिला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

रात्रपाळीला साच्यापुढे उभा राहून मी हाच विचार करत होतो. मी समीक्षक नाही. शाळा नववीत सुटली. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. इंग्रजी शिकलो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन, एकेक गाणं दहादहा वेळा लावून. पण एक गोष्ट ध्यानात आली आणि मग सकाळी झोप लागेना. आमच्या खोलीत त्या तिघांनी जे म्हटलं तेच १९८६ ते ८८ च्या काळात तिकडे म्हटलं गेलं होतं. तिकडचे शहाणे आणि इकडचे आपण, दोघांचे कान एकाच कारखान्यात घडले की काय? म्हणून हे लिहितोय.

आधी या मुली कोण ते सांगतो. सॉल्ट म्हणजे शेरिल जेम्स, जन्म ब्रुकलिनचा. पेपा म्हणजे सँड्रा डेंटन, जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. दोघी न्यू यॉर्कमध्ये वाढल्या. क्वीन्सबरो कम्युनिटी कॉलेजात भेटल्या आणि पोटासाठी सिअर्स नावाच्या मोठ्या दुकान-कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करत होत्या. दिवसभर कानाला फोन आणि तोंडात कंपनीने दिलेली वाक्यं. तिथेच त्यांच्यासोबत हर्बी एझोर हा तरुण होता. तो ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेत होता आणि शिक्षणातलं काम म्हणून त्याला एक गाणं करायचं होतं. त्याने या दोघींना धरलं. १९८५ सालचं ते गाणं म्हणजे ‘द शो स्टॉपर’.

तेव्हा डग ई. फ्रेश आणि स्लिक रिक या दोन पुरुषांचं ‘द शो’ गाजत होतं. या पोरींचं गाणं म्हणजे त्याला दिलेला जवाब. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तमाशाच्या फडात सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला कळतं, की जवाब देणारा हा सवाल करणाऱ्याच्या बरोबरीचा असतो. कमी लेखलेल्या माणसाने जवाब दिला की फडाला आधी राग येतो, मग मजा येते, मग मान द्यावा लागतो. तेव्हा संचाचं नाव सुपर नेचर होतं. त्याच गाण्यात त्यांनी स्वतःला मीठ-मिरी म्हटलं होतं आणि पुढे तेच नाव राहिलं.

डिसेंबर १९८६ मध्ये नेक्स्ट प्लॅटो या छोट्या कंपनीने त्यांची पहिली मोठी तबकडी काढली. ‘हॉट, कूल अँड व्हिशस’. गरम, थंड आणि जहाल. तबकड्या फिरवणारीला त्यांनी स्पिंडरेला नाव दिलं होतं. पहिली स्पिंडरेला लटोया हॅन्सन. १९८७ मध्ये तिच्या जागी डीड्रा रोपर आली.

आता पहिली प्रतिक्रिया घेऊ. हसणाऱ्याची.

रॅप हे पुरुषांचं काम, बाईला ते जमत नाही, जमलं तर ती गंमत, असं समजणारे तिकडे ढिगाने होते. इतिहास मात्र वेगळं सांगतो. ब्रॉन्क्समध्ये हे गाणं रस्त्यावर उभं राहत होतं तेव्हापासून बाया त्यात आहेत. फंकी फोर प्लस वन या संचात शा-रॉक होती. १९७९ साली साउथ कॅरोलायनाच्या तीन मुलींनी, द सीक्वेन्स या संचाने, रॅपची रेकॉर्ड काढली. १९८४ मध्ये रॉक्सॅन शांटे ही चौदा-पंधरा वर्षांची पोर एका पुरुष-संचाच्या गाण्याला असा जवाब देऊन गेली, की पुढे त्या एका गाण्यावर जवाबांची रांगच लागली. तेव्हा सॉल्ट-एन-पेपा पहिल्या नव्हत्या. आपण लोक कुणालाही पटकन ‘पहिली’ म्हणतो आणि तिच्या आधीच्या चौघींना पुसून टाकतो. हे पुसणं थांबवलं पाहिजे.

मग या दोघींचं नवं काय? दुकानाच्या फळीवर पुरुषांच्या मोठ्या तबकड्यांशेजारी त्यांची तबकडी उभी राहिली आणि लोकांनी ती पैसे मोजून नेली. आधी सोन्याची, मग प्लॅटिनमची. म्हणजे एकट्या अमेरिकेत दहा लाख. बायांच्या रॅपला ही गोष्ट तोवर लाभली नव्हती. हसणाऱ्याला जवाब टीकाकाराने दिला नाही, गिऱ्हाइकाने दिला.

पण विक्री म्हणजे मोल नव्हे, हे मीही जाणतो. बाजारात काय काय खपतं ते आपण बघतोच. म्हणून तबकडीच ऐकू.

‘ट्रॅम्प’ नावाचं गाणं आहे. मूळ गाणं जुनं. १९६७ मध्ये ओटिस रेडिंग आणि कार्ला थॉमस यांनी ते जोडीने म्हटलं आणि गाजवलं. या पोरींनी त्याच जुन्या गाण्याचा तुकडा घेतला आणि त्यावर आपलं बोलणं चढवलं. रस्त्यात, नाचघरात अंगचटीला येणारा पुरुष, त्याचं गोड बोलणं, त्याची थाप. पोरींनो, याला ओळखा, असं त्या सांगतात. ‘ट्रॅम्प’ हा शब्द इंग्रजीत बाईला हाणला की तिची अब्रू जाते. यांनी तोच शब्द पुरुषाच्या गळ्यात बांधला.

मराठीत हे करून बघा. बाईसाठी आपल्याकडे शब्दांचं कोठार भरलेलं आहे. उठवळ, चालू, बाजारबसवी. त्याच वागणुकीच्या पुरुषाला आपण काय म्हणतो? रंगेल. रसिक. ‘आहे जरा शौकीन’. शिवीसुद्धा त्याच्या अंगावर अत्तरासारखी बसते. भाषा कुणाची मालमत्ता आहे ते इथे उघडं पडतं. आपल्या आधीच्या कवींनी देव्हाऱ्यातले शब्द उचलून गटारात टाकले आणि गटारातले कवितेत आणले. तेव्हा भद्र समीक्षक म्हणाले, ही कविता आहे का? या पोरींनी शब्दाचा पत्ता बदलला तेव्हा आपण त्या समीक्षकांच्या खुर्चीत बसायचं का?

आणखी एक गाणं, ‘माय माइक साउंड्स नाइस’. माझा माइक झकास वाजतो. त्यात विषय काय? काहीच नाही. आम्ही भारी आहोत, एवढंच. आमचा दुसरा मित्र म्हणेल, ही फुशारकी. खरं आहे. पण फुशारकी कोण मारतोय ते बघावं लागतं. मालकाच्या मुलाने छाती फुगवली तर तो माज. दिवसभर फोनवर ‘जी साहेब’ म्हणणाऱ्या पोरीने संध्याकाळी माइक हातात घेऊन माझा आवाज चांगला आहे म्हटलं, तर ते वेगळं. दोघींचं बोलणं ऐका. एक वाक्य सुरू करते, दुसरी शेवटच्या शब्दावर येऊन हात देते. आमच्या वाइंडिंग खात्यातल्या बाया अशाच बोलतात. मशीनच्या आवाजात एकटीचं बोलणं पोचत नाही, म्हणून दुसरी शेवटचा शब्द उचलून पुढे फेकते.

आता ‘पुश इट’कडे येतो. इथे ऐकणाऱ्यांनी टीकाकारांच्याच नव्हे, कंपनीच्याही तोंडात मारली.

मूळ तबकडीत हे गाणं नव्हतंच. १९८७ मध्ये ‘ट्रॅम्प’ची छोटी रेकॉर्ड निघाली. तिच्या मागच्या बाजूला भर म्हणून ‘पुश इट’ होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅमरन पॉल या डीजेने ती मागची बाजू उचलली, तिची नवी जुळणी केली आणि वाजवली. लोक उठले. नाचघरातून मागणी आली, रेडिओवर मागणी आली. शेवटी कंपनीने गाणं पुढे आणलं आणि तबकडीतही घातलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते १९ व्या जागेपर्यंत चढलं. मागची बाजू पुढे कुणी केली? नाचणाऱ्यांनी. दिवसभर राबून रात्री पाय मोकळे करायला आलेल्या पोरापोरींनी. ही त्यांची समीक्षा होती. लेख लिहून नाही, पाय उचलून केलेली.

यावर दोन्हीकडून मार आला. सभ्य लोक म्हणाले, अश्लील. रॅपमधले कट्टर म्हणाले, या विकल्या गेल्या, हे नाचगाणं, हे खरं रॅप नव्हे. म्हणजे एकाला गाणं फार रस्त्यावरचं वाटलं, दुसऱ्याला पुरेसं रस्त्यावरचं नाही वाटलं. बाई मधे उभी राहिली की दोन्ही बाजूंची फूटपट्टी तिच्याच पाठीवर बसते.

आमच्या दुसऱ्या मित्राला मला एक तारीख सांगायची आहे. ११ जून १९८८. लंडनचं वेम्बली स्टेडियम. नेल्सन मंडेला तुरुंगात होते, त्यांचा सत्तरावा वाढदिवस जवळ आला होता आणि त्यांच्या सुटकेसाठी तिथे मोठी मैफल भरली होती. जगभर टीव्हीवर दिसली. त्या मंचावर या पोरी गायल्या. त्यानंतर इंग्लंडच्या यादीत ‘पुश इट’ दुसऱ्या क्रमांकावर गेलं. मी असं म्हणत नाही की ‘पुश इट’ हे वर्णद्वेषाविरुद्धचं गाणं आहे. नाही. ते नाचाचं आणि अंगाचं गाणं आहे. पण मंडेलांसाठी जमलेल्या लोकांना त्याची लाज वाटली नाही, तर आपल्याला का वाटावी? चळवळ म्हणजे नुसतं रडणं आणि मुठी आवळणं आहे का? ज्या अंगाला शतकानुशतकं फक्त राबायचं आणि सोसायचं काम दिलं, ते अंग स्वतःच्या खुशीने हललं तर त्यात काही मुक्ती नाही का? त्या व्हिडिओत पोरींच्या अंगावर जाडजूड रंगीत जॅकेटं आहेत, कानात ही मोठाली कडी, आणि नजर सरळ समोर. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. ज्याला दिसलं त्याने आपली नजर तपासावी.

आता तिसरा मित्र. त्याचा प्रश्न मोठा आहे, म्हणून त्याला शेवटी ठेवला.

लिहिलंय कुणी? उत्तर सरळ आहे. या तबकडीतले बहुतेक शब्द आणि संगीत हर्बी एझोरचं. ‘पुश इट’ही त्याचंच. तेव्हापासून म्हणणारे म्हणत आले की या त्याच्या कळसूत्री बाहुल्या. ही टीका खोटी नाही. आपल्याकडे लावणीचं काय झालं? शाहीर पुरुष, शृंगार बाईच्या तोंडी, दौलतजादा करणारा पुरुष, आणि बदनामी तेवढी बाईची. तेव्हा हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पण प्रश्न तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो. सूत कापसाचं असतं, कापूस शेतकऱ्याचा असतो, पण पीळ साच्यावर बसतो. लिहिलेला कागद एझोरचा. त्याला पीळ दिला तो या दोघींच्या गळ्याने. तोच कागद दुसऱ्या कुणाच्या हातात दिला असता तर लोकांनी मागची बाजू पुढे आणली असती का? शिवाय त्या तिथे थांबल्या नाहीत. ‘एक्सप्रेशन’ या गाण्याचे शब्द आणि घडण शेरिल जेम्सची स्वतःची. ते गाणंही गाजलं. पुढे १९९७ ची तबकडी त्यांनी एझोरला सोडून केली. जी आधी दुसऱ्याचे शब्द बोलली ती पुढे स्वतःचे लिहू लागली. आपल्यातले किती जण आधी दुसऱ्याच्या चालीवर, दुसऱ्याच्या शब्दात बोलायला शिकले? मी स्वतः शिकलो. माझ्या पहिल्या कविता दुसऱ्यांच्या कवितांची नक्कल होत्या. मला कुणी बाहुली म्हटलं नाही. म्हणाले, पोरगा शिकतोय.

आणि लिहिलं कुणी हे विचारणारा आणखी एक प्रश्न विसरतो. मालकी कुणाची? अमेरिकेत १९७६ चा कायदा आहे. त्यात कलावंताला पस्तीस वर्षांनी आपले हक्क परत मागायची वाट ठेवली आहे. सॉल्ट आणि पेपा यांनी २०२२ मध्ये तशा नोटिसा दिल्या. मे २०२५ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कच्या कोर्टात युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप या अवाढव्य कंपनीवर दावा लावला. कंपनीचं एक म्हणणं असं, की हे काम मजुरीवर करून दिलेलं होतं, त्यावर तुमचा हक्क नाही. त्याच २०२५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांचा सन्मान केला. एका हाताने हार, दुसऱ्या हाताने हिशेबाची वही बंद. कोर्टाचा कागद काहीही म्हणो, गिरणीतल्या माणसाला यात नवं काही नाही. कापड निघतं, त्यावर छाप मालकाचा बसतो. विणणाऱ्याचं नाव मस्टरवर असतं, ठाणावर नसतं. शब्द पुरुषाचे म्हणून ज्याने हे गाणं एका वाक्यात निकालात काढलं, त्याने कंपनीचंच काम सोपं केलं. तोही म्हणतो, हे तुमचं नाही.

आता मला जे खुपतं तेही सांगतो, नाहीतर हा लेख नुसती आरती होईल. या तबकडीत ‘आय विल टेक युअर मॅन’ असं एक गाणं आहे. तुझा पुरुष मी घेऊन जाईन. इथे भांडण बाईचं बाईशी आहे आणि पुरुष मधे ठेवलेलं बक्षीस. ‘ट्रॅम्प’मध्ये ज्याला ओळखा म्हणून सांगितलं, त्याच्याचसाठी इथे दोघींनी झिंज्या धरायच्या. कुणी म्हणेल ही रॅपची रीत, समोरच्याला खिजवायचंच असतं. असेल. पण रीत आहे म्हणून सोडून द्यायची सवय आपल्याला नाही. ऐकणाऱ्या पोरींना त्यात ठसका सापडला असेल. मला मात्र त्यात जुनंच घर दिसलं, फक्त दार नव्या रंगाचं.

पुस्तकी टीकाकारांपैकी मला ट्रिशा रोज हिचं पटलं. १९९४ मध्ये तिने ‘ब्लॅक नॉइज’ हे पुस्तक लिहिलं. ती म्हणते, रॅप करणाऱ्या बाया पुरुषांच्या विरुद्ध उभ्या केलेल्या फौजा नाहीत, त्या त्यांच्याशी बोलतायत. भांडत, चिडवत, समजावत, पण बोलतायत. गोऱ्या पत्रकारांना काळ्या पुरुषाला झोडायला काठी हवी असते. मग ते काळ्या बाईच्या रॅपची काठी करतात. या बायांना स्त्रीवादी म्हणवून घ्यायलाही अवघड वाटायचं, कारण तो शब्द त्यांना गोऱ्या बायांच्या चळवळीचा वाटे.

हे वाचून मी दचकलो. आपल्या बायांनी आत्मकथनात घरातल्या पुरुषाचा मार लिहिला तेव्हा काय झालं? बाहेरच्यांनी ते उचललं आणि म्हणाले, बघा, यांच्यात कसं असतं. मग आपण आतले पुरुष बायांवर रागावलो, की तुम्ही घरचं बाहेर का नेलंत. दोन्हीकडे बाईचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. तिने ते ना बाहेरच्यांना काठी म्हणून दिलं होतं, ना आपल्याला शरमेने मारायला. ती आपल्याशी बोलत होती. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडच्या काळ्या पोरांकडून घेतलं. ते घेतलं हे बरोबरच केलं. पण तिकडच्या बाया काय म्हणतायत ते ऐकायला अजून आपले कान तयार नाहीत. इकडच्या बायांचं तर त्याहून नाही.

शेवटी मान्यतेची गोष्ट. १९८९ मध्ये ग्रॅमी पुरस्कारात पहिल्यांदा रॅपसाठी जागा केली. ‘पुश इट’ त्या यादीत होतं. पण तो पुरस्कार टीव्हीवर दाखवायचा नाही असं ठरलं. म्हणजे या, पण मागच्या दाराने. काही कलावंतांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला. त्यात या पोरी होत्या. पहिल्यांदाच पान वाढलं होतं आणि त्या पानावरून उठल्या. पंगतीत कुणाला कुठे बसवतात ते कळणाऱ्यालाच असं उठता येतं. १९९५ मध्ये त्यांना तीच ग्रॅमी मिळाली. तेव्हा ज्यांनी त्यांना नाचगाणीवाल्या म्हटलं होतं त्यांनी काय केलं माहीत नाही. टाळ्या वाजवल्या असतील.

मित्रांनो, मला एवढंच म्हणायचं आहे. एखाद्या बाईचं गाणं लागलं की आपण तीन गोष्टी करतो. हसतो, झाकतो, किंवा बापाचं नाव विचारतो. चौथी गोष्ट करत नाही. ऐकत नाही.

काल पाळी सुटल्यावर मी पथकातल्या त्या मुलीला विचारलं, रविवारचं गाणं कसं वाटलं? ती म्हणाली, “शब्द नाय कळले. पण त्या दोघी दमल्यासारख्या नाय वाटल्या. आम्ही कोरस म्हणताना दमलेल्या वाटतो.” मग थोडं थांबून म्हणाली, “आमच्या गाण्यात बाई असते, पण ती नेहमी तुम्ही लिहिलेली असते.”

मी पथकासाठी आजवर अकरा गाणी लिहिली. त्यातल्या सात गाण्यांत बाई आहे. सातही ठिकाणी ती रडते किंवा लेकरू कडेवर घेऊन मोर्चात चालते. एकाही ठिकाणी ती म्हणत नाही, की माझा आवाज चांगला आहे.

तिसऱ्या मित्राने एझोरबद्दल विचारलेला प्रश्न माझ्याच दारात येऊन बसला. पुढच्या कार्यक्रमाला मी गाणं देणार नाही. वही तिच्याकडे दिली आहे, कोरी. ती काय लिहील ते मला पटेल असं नाही. आपल्यालाही त्यात हाणेल कदाचित. तेव्हा कुणी हसू नये, कुणी खिडकी लावू नये, आणि चाल कुणाची म्हणून आधी विचारू नये. पुढे बसून ऐकावं. टीका नंतर करू. तीही तिच्या समोर, ती जवाब देऊ शकेल अशी.